दोन आटे

सुमो दोन हजार चारची.
ह्यांनी सेलमला गलाईचं दुकान टाकलं, त्या साली घेतलेली.
ते रेल्वेनं जातात, गाडी विट्यातच राहते,
आणि मी.

दोन महिने झाले, स्पीडब्रेकर आला
की डाव्या चाकातून कट्,
कुणी मनातलं बोलायला तोंड उघडून
पुन्हा मिटावं तसं.
फोनवर सांगितलं तर म्हणाले, गॅरेजला टाक.
गॅरेजवाल्यानं जो आकडा सांगितला
तो मी कागदावर लिहिला
आणि कागद घडी घालून पर्समध्ये ठेवला.

शेजारचे दस्तगीरचाचा, एस.टी. डेपोतले रिटायर फिटर,
गुडघ्यांनी अधू, उकिडवं बसता येत नाही.
प्लास्टिकच्या खुर्चीवरून म्हणाले,
"मी सांगतो, तू कर. एकदा उखळात डोकं घातलं, तर..."
"मुसळाला कोण भितंय," मी म्हटलं,
आणि चाक उतरवताना आठवलं,
शाळेच्या पुस्तकात खांद्याच्या चित्राखाली
हेच छापलेलं होतं: उखळीचा सांधा.

अंगणात माती, म्हणून जॅकखाली जुना पाट.
दुसरा जॅक आर्मखाली,
"न्हाईतर टॉर्शन बार लाथ मारतो, म्हशीगत."
रबराचा बूट फाटलेला. आत ग्रीस कुठलं,
नुसती माणदेशी रेती.
कॉटर पिन भोकात गंजून भोकाचीच झालेली,
ती तुकड्यातुकड्यांनी काढली.

शिंत्रेबाई दळण घेऊन थांबल्या.
"अहो, माणूस मिळत नाही का?"
"बावीसचा पाना मिळत नाहीये," मी म्हटलं,
"तुमच्या पायाखाली आहे."

नट सैल झाला, तशी मी भराभर फिरवायला लागले.
"थांब. समदा काढू नगंस.
दोन आटं राहू दे.
सुटंल तवा एकदम सुटतंय ते. तोंडावर येईल."

मग हातोडा.
"आट्यांवर न्हाई, मरतील. नकलच्या कुशीला मार."
वीस घाव. पुन्हा वीस.
डिझेल सोडलं, चहा ठेवला,
चाचांनी बशीत ओतून प्यायला,
मी उभ्यानंच.
चहानंतर तिसऱ्या घावाला
ठप्प.

एवढंच. इतक्या वर्षांचं धरून ठेवणं, आणि आवाज
भाकरी परातीत टाकल्याएवढा.
आर्म अर्धं बोट खाली उतरला
आणि थांबला, त्या दोन आट्यांवर.

मी जरा वेळ बघत राहिले.
दिवाळीला चार दिवस.
जत्रेला दोन.

"आता काढ की," चाचा म्हणाले. "आता ताण न्हाई त्यात."

जुना हातात घेतला, त्यानं लगेच मान टाकली.
कुठंही फिरवा, फिरतो,
मला वाटलं, हाच तर किती मोकळा.
नवा खोक्यातून काढला,
तर अंगठ्यानं रेटूनही हलेना.
चाचा हसले, "ह्याला म्हणत्यात चांगला.
सैल ते मोकळं नसतंय, पोरी."

बसवला. आवळला. पिनेचं भोक जुळेना,
नटाची खाच केसभर पुढं गेलेली.
मी पाना उलटा लावला, तर खुर्ची करकरली.
"मागं फिरवायचं न्हाई.
पुढच्या खाचेपर्यंत आवळ."
दात आवळले, पाना आवळला,
पिन गेली.

दुपारी खानापूर रस्त्याला घेऊन गेले.
शाळेपुढचा स्पीडब्रेकर आला,
मी कान तिकडंच लावून बसले.
काही नाही.
मागच्या बाजूला एक रिकामा डबा गडगडला,
तो इतके दिवस वाजतच असणार.

रात्री फोन आला. "टाकली का गॅरेजला?"
"डावं मीच बदललं. उजवं राहिलंय."
पलीकडे भट्टीचा पंखा घुमत होता,
पुष्कळ वेळ तोच ऐकू आला.
"दिवाळीला आलो की बघू," म्हणाले.

नखांतलं ग्रीस अजून निघालेलं नव्हतं.
"रविवारी बघते," मी म्हटलं.