न सुटलेले बिंदू

निमिषनं पुण्याला जाताना
त्याचा जुना कॉम्प्युटर माझ्या टेबलावर ठेवला.
म्हणाला, मावशी, ह्यात एक खेळ आहे,
तुला आवडेल. तू रेघा काढायचीस ना?

काढायचे. तेहतीस वर्षं, पोर्ट ट्रस्टच्या नकाशाघरात,
ट्रेसिंगच्या कापडावर, शाईनं,
माझगाव ते शिवडी:
भरतीची रेघ सलग, ओहोटीची तुटक.
कर्कटक इंचभर उघडून किनारा मोजला की एक लांबी यायची,
अर्धा इंच उघडला की जास्त,
पाव इंचाला आणखी.
यातली खरी कोणती, विचारलं होतं एकदा.
टेंग्शेसाहेब म्हणाले, टेंडरला लागेल ती.

खेळ असा. एक बिंदू घ्यायचा,
त्याच्या संख्येचा वर्ग करायचा, मूळची संख्या मिळवायची,
आलेलं उत्तर पुन्हा त्याच गिरणीत.
काही बिंदू पाच-सात फेऱ्यांत हाताबाहेर जातात,
पाच वाजता आमचा पेडणेकर जायचा तसे.
काही घुटमळतात चारशे फेऱ्या,
छत्री शोध, डबा शोध, दिवा घालवला का बघ.
जितक्या फेऱ्या तसा रंग.
जे सुटतच नाहीत ते काळे.

मी काठ धरला आणि काठावरच राहिले.
जवळ जावं तर रेघ फुटते,
फुटलेल्या रेघेला खाडी, खाडीला पुन्हा खाडी,
आणि तिच्या पोटात, केसाएवढ्या दोऱ्यानं बांधलेलं,
सुरुवातीचंच बेट.
एका खाचेचं नाव मी कौला बंदर ठेवलं.
खरं कौला बंदर चार वेळा काढलंय मी
आणि चारही वेळा चिखल वेगळा होता.
माझ्या कितीतरी रेघा आता भरावाखाली आहेत,
वर कंटेनर उभे.
इथे भराव घालायला बटण नाही.
शोधलं मी.

शोधताना दुसरंच बटण सापडलं.
फेऱ्यांना बारानं भागायचं, बाकी उरेल तो सूर.
शून्य उरलं की सा.
काठावरून एक आडवी रेघ ओढली, आवाज वाढवला,
आणि रात्री साडेअकराला
तळमजल्यावरची ट्रिझा परेरा जिना चढून आली.
मला वाटलं भांडायला.
चर्चमध्ये चाळीस वर्षं व्हायोलिन वाजवलेली बाई,
दारातच उभी राहून पूर्ण ऐकलं तिनं, गाऊनचा खिसा धरून.
मग म्हणाली, वाजतं बरं,
पण याला दम खायला जागाच नाय, गो.
माणूस मरेल.

खरं होतं. काळे बिंदू मी गाळून टाकले होते,
त्यांना आकडा नाही म्हणून.
ते परत घातले, रिकामे,
एका काळ्याला एक मात्रा गप्प.
तेव्हा कुठे ते गाण्यासारखं झालं,
मधे मधे थांबणारं,
बोलता बोलता नाव विसरलेल्या माणसाचं.

ट्रिझानं ते कागदावर उतरवून घेतलं.
तिच्या खुंट्या उतरतात दमट हवेत,
पंधरा मिनिटं जुळवण्यातच जातात,
आणि एका जागी ती रोज चुकते.
चुकते म्हणते. मला ते बरं वाटतं.

काल सहज खोलवर बघितलं, तर काळं म्हणजे
फक्त हजार फेऱ्यांपर्यंत न सुटलेलं.
त्यापुढे मशीन मोजतच नाही.
साहेबांची सही झाली, फाईल बंद.
मी तिथे एक लाख लिहिलं, पंखा लावला कॉम्प्युटरला,
आणि झोपले.

सकाळी सहाला उठून पाहिलं.
आमच्या रेघेवरचे तीन काळे सुटले होते.
पहिला बाराशेच्या आसपास, तो कडेचाच होता.
दुसरा नऊ हजारांवर.
तिसरा इतक्या उशिरा, की मी चष्मा पुसून आकडा पुन्हा वाचला,
कागदावर भागाकार केला, हातचे घेत, जुन्या पद्धतीनं.
बाकी सात.
पंचम.
बरोबर त्याच जागी, जिथे ती चुकते.

जिन्यातून हाक मारली.
खालून आवाज आला,
थांब गो, दूध उतू जातंय.