बाज

प्रयागआत्या तीस वर्षं अंगणात झोपते.
नव्या गावात, घर नंबर एकशे सत्तेचाळीस,
लिंबाखाली, सुंभाच्या बाजेवर.
थंडीत दोन वाकळा, पावसाळ्यात वर ताडपत्री,
तीही चारी बाजूंनी उघडी.
स्लॅबकडं ती बघते ते
पिसाळलेल्या कुत्र्याकडं बघावं तसं,
तिरकं, पाय मागं घेऊन.

मी दहावीला असताना तिनं माझं मनगट
पिठाच्या परातीत दाबून धरलं होतं.
"भाकरीची आण घे.
मला कधीच आत नेऊ नको. मेल्यावरबी
बाहीरच आंघोळ घाल."
घेतली. त्या वयात आण घ्यायला
काय लागतं.

ह्या मार्चात तिला ताप आला, तीन दिवस हटेना.
उमरग्याचा डॉक्टर म्हणाला,
छाती भरलीय, ओलीत ठेवू नका.
ती म्हणाली, नाही.
रत्नमाला म्हणाली, आत्याबाई, एक रात. एकच.
ती म्हणाली, नाही.
साडेनऊला पहिली गार ताडपत्री फाडून
तिच्या उशाशी पडली.
लिंबोळीएवढी नाही, मोसंबीएवढी.

मी तिला उचललं.
तुऱ्हाट्यांची पेंढी असते तेवढं वजन.
त्या पेंढीनं माझ्या त्याच मनगटाचा लचका तोडला,
दाराची चौकट दोन्ही हातांनी धरली.
मी एकेक बोट सोडवलं.
दहाही.
मग कडी लावली. आतून, मीही आत.
बाहेर गोठ्याच्या पत्र्यावर गारा,
आत ती, एकाही भिंतीला पाठ न लावता
खोलीच्या ऐन मध्यावर उकिडवी,
वर बघत.
स्लॅब पडला नाही.
हे मी तिला सकाळी सांगितलंसुद्धा, मूर्खासारखं.
"बघ आत्या, पडला नाही."

बाहेर बाजेचं सुंभ तुटून भगदाड पडलेलं.
रत्नमालानं ओढत नेऊन दाखवलं,
बघा, तुमचंच बरोबर.
ताप उतरला.
डॉक्टर म्हणाला, वाचल्या.
गाव म्हणालं, पोटच्या पोरानं केलं नसतं.

अकरा दिवस ती माझ्याशी बोलली नाही.
चहा घ्यायची,
पण मी कप खाली ठेवून मागं सरकल्यावर.
बाराव्या दिवशी भुईमुगाच्या शेंगा फोडता फोडता
शेंगांशीच बोलावं तशी:

"तवाबी असंच काढलं मला.
लष्कराची पोरं. एकाला तर मिसरूडबी नव्हतं.
छबूचा हात माझ्या हातात होता. गरम होता.
म्हणलं, ऱ्हाऊ द्या मला हितंच.
त्येनला मराठी येत नव्हतं.
एकेक बोट सोडवलं."

मग सुपातली टरफलं फुंकली.

"तुला तर येतंय की मराठी."

त्या पोरांना मराठी आलं असतं तर
परातीत माझा हात कोण धरणार होतं?
आणि तो हात गरम होता तो, आत्या,
तुझ्याच हाताच्या ऊबेनं तर नव्हे?
अशी उत्तरं आहेत माझ्याकडं.
खिशात आहेत.
खिशातच बरी आहेत.

पुन्हा गारा आल्या तर मी पुन्हा उचलीन,
हे मला माहीत आहे. तिलाही.
म्हणूनच हल्ली आभाळ भरलं की
ती स्लॅबकडं बघत नाही.
माझ्याकडं बघते.
तिरकं, पाय मागं घेऊन.

परवा मी दार बिजागरीतून काढलं,
लिंबाला टेकवून ठेवलं.
तिला काही म्हणालो नाही.
रत्नमाला म्हणाली, कुत्री शिरतील घरात.
शिरू देत.

काल सांजच्याला पुन्हा ढग आले
आणि आत्यानं बाज ओढली. हातभर.
घराकडं,
की नुसती वाळक्या फांदीखालून बाजूला,
अंधारात कळलं नाही.
विचारीन.
सकाळी तिला विचारीन.