सोपो

पुण्याच्या एका पाहुण्यानं विचारलं होतं, सोपो म्हणजे काय?
म्हटलं, बाजारात जमिनीवर बसायचं भाडं.
आणि उभं राहिलं तर?
म्हटलं, उभे राहतात ते नगरसेवक,
त्यांना माफ.

हसलो होतो तेव्हा दोघंही.
मी म्हापसा पालिकेत, लेखा विभागात,
जिन्याकडच्या खिडकीखाली, सव्वीस वर्षं.
हसण्यासाठी आमच्याकडे लेखाशीर्ष नाही.

यंदा तूट एवढी
की फेब्रुवारीचे पगार ठेव मोडून झाले.
दुकान क्रमांक अकराचं भाडं
अजून माझ्या मुंजीच्या सालात अडकलंय.
पोटभाडेकरूचा पोटभाडेकरू तिथं
मोबाइलची कव्हरं विकतो,
मूळ भाडेकरू लिस्बनला थंडीत कुडकुडतो.
शहर मात्र वाढतंय. पर्वरीपर्यंत दिवे सलग,
म्हापसा कुठं संपतं ते आता
फक्त कचऱ्याच्या गाडीला ठाऊक.

गेल्या महिन्यात अविश्वास ठराव आला.
अकरा जण तीन दिवस गायब,
परतले तेव्हा नाकं उन्हानं सोललेली.
नवे नगराध्यक्ष, खुर्ची तीच,
खुर्चीवरचा टॉवेल तेवढा बदलला.
पहिल्या बैठकीत पहिला विषय:
सोपो कंत्राटदाराची थकबाकी माफ करणे.
कारण: पाऊस.
पाऊस खरा होता. मीही भिजलो होतो.

त्याच शुक्रवारी दुपारी पिएदाद लोबो जिना चढून आली.
मयड्याची केळी विकते ती.
काखेत बिस्किटांचा निळा डबा,
घोव बोटीवर होता तेव्हाचा.
म्हणाली, नव्या यादीत माझं नाव नाही म्हणतात,
मग हे कोणाचं?
आणि डबा टेबलावर उपडा केला.

अकरा वर्षांच्या पावत्या.
दहाच्या, पंधराच्या, दहा खोडून वीस केलेल्या,
केळीच्या चिकानं एकमेकींना धरून बसलेल्या.
मी सोडवत राहिलो, चहावर साय येईपर्यंत.
आमच्या वहीत तिच्या जागेचे
वर्षाला बावीस शुक्रवार जमा.
डब्यात एक्कावन्न.
कुठलंही वर्ष घ्या, एक्कावन्न,
गुड फ्रायडे सोडून.
एका वर्षी पन्नास. त्या आठवड्यात घोव गेला.

तिच्यामागून यल्लव्वा आली, शेजारी कोथिंबीर घेऊन बसते ती.
पदराच्या गाठीतून तिनं आजचीच पावती काढली.
४०४१७.
पिएदादची आजची:
४०४१७.
तोच शिक्का, तीच जांभळी शाई,
सहीचं शेपूटसुद्धा तेवढंच लांब.
दोघी माझ्या तोंडाकडे बघत.
खंयची खरी रे, पिएदादनं विचारलं.

मी टिपणी लिहिली.
मुख्याधिकाऱ्यांनी वाचली,
चष्मा पुसून परत वाचली,
समासात लिहिलं, नोंद घेतली.
त्यांची बदली व्हायला चार महिने होते,
मला निवृत्तीला सात.
थकबाकी माफ झाली. विरोधात कुणी नव्हतं,
विरोधातला होता तो लग्नाला गेलेला.

पुढच्या शुक्रवारी केळी आणायला गेलो.
पिएदाद तिथंच, फक्त हातभर मागं,
गटाराच्या फरशीवर.
वसुलीचा पोरगा आला, पावती फाडली.
तिनं ती नोट पारखावी तशी उजेडात धरली
आणि आकडा मोठ्यानं वाचला.
पलीकडून यल्लव्वानं आपला वाचला.
मग हळदोण्याच्या मिरचीवालीनं,
मग चोरीसच्या माळा लावून बसलेल्या म्हातारीनं,
तिला वाचता येत नाही, नातवाकडून वाचवून घेतला.
आकडे कोपऱ्यापर्यंत गेले, कोपऱ्यावरून वळले,
मासळीच्या बाजूनं ऐकू येऊ लागले.
पोरगा पुस्तक मिटून थांबला,
त्यानं एकदा माझ्याकडं पाहिलं.

मी पिशवी घेऊन तिथंच.
उभा होतो, म्हणून असेल,
माझ्याकडं कुणी काही मागितलं नाही.