ढगाचं बटण

जॅस्पर, हा केवढ्याला घेतलास ते सांगू नकोस मला.
आम्हाला शंभर नगांचे जे मिळत
त्यात क्वुन टोंगच्या नाक्यावर दोन वाडगे नूडल्स येत.
वर अंडं हवं असेल
तर आणखी थोडा वेळ बसायचं.

चौथा मजला. साच्यातून निघालेलं काळं प्लास्टिक
हाताला कोमट लागायचं,
त्याचा वास केसांतून घरी यायचा.
डावीकडे भिंगं बसवणारी आ-हो,
उजवीकडे शिक्के मारणारी एक मुकी पोरगी,
मधे मी. स्प्रिंग लाव, खटका दाब, पुढे ढकल.
खट्.
दिवसाला नऊशे वेळा
खट्.
समोर भिंत, भिंतीवर घड्याळ,
घड्याळाखाली पेंगणारा फोरमन तांग.
आत फिल्म असती ना,
तर त्या माणसाइतके फोटो जगात कुणाचे निघाले नसते.

आता हे बटण बघ. इकडे सूर्य, इकडे ढग.
लोक म्हणे डोळे बारीक करून आभाळाकडे बघतात
आणि मग विचारपूर्वक सरकवतात.
सांगू?
आतली भोकाची पट्टी काही महिने मीच बसवत होते.
सूर्याचं भोक नि ढगाचं भोक एकच.
तांगला विचारलं, तर जांभई देत म्हणाला,
ढगाचं काय, जातोच की तो.

आणि ही कड्यावरची चित्रं :
एक माणूस, मग तीन, मग घोळका, मग डोंगर.
फूट नाही, मीटर नाही.
एकट्याच्या पलीकडे घर,
घराच्या पलीकडे गर्दी,
सगळ्यांच्या पलीकडे डोंगर, जिथे कुणीच नाही.
हे मोजमाप मला तेव्हाही पटलं होतं.

झाकण धड बसत नाही म्हणतोस.
ते बसावं असं कुणी ठरवलंच नव्हतं, बाबा.
तू काळी चिकटपट्टी गुंडाळलीस, छान केलंस,
तरी उजेड शिरणारच कुठून तरी.
भिंगही प्लास्टिकचं. मधलं तेवढं नीट दिसतं त्याला,
कडेला गेलं की विसरायला लागतं.
माझंही हल्ली तसंच आहे,
पण मला कुणी फ्रेम करून भिंतीवर लावत नाही.

एक मी घरी आणला होता. चोरून नव्हे,
मोडीच्या पेटीतला, एका बाजूचा कान तुटलेला.
वाई-क्युंग बोटीत बसणार होता त्या दिवशी
(रॉटरडॅमला, कुणाच्या तरी मामाच्या खानावळीत भांडी घासायला)
उसने पैसे घेऊन फिल्म घातली.
नुसतं खट् करून हात बसलेला माझा.
फिल्म पुढे फिरवायची असते
हे कुठून सुचणार?
सकाळी गच्चीत आई, दोरीवर मासळी.
दुपारी धक्क्यावर भाऊ, नव्या कोटात.
आई धक्क्यावर आली नव्हती.
कोबी चिरायचाय, म्हणाली.

दोघं एकाच चौकोनात आले.
त्याच्या छातीवरून मासे लोंबताहेत बिल्ल्यांसारखे,
तिचं कोपर त्याच्या ट्रंकेत शिरलंय,
ती कुणावर तरी ओरडतेय आणि तो हसतोय,
आणि तुटक्या कानाकडून आलेला उजेड
फुटलेल्या अंड्यासारखा दोघांवर पसरलाय.
फोटोवाला म्हणाला, वाया गेला, पैसे नकोत.
मी दिले.
तो परत आला नाही. पत्रं आली,
मग नुसती कार्डं.

दे बघू इकडे. कानाशी धरते.
खट्.
अं हं. हा माझ्या हातचा नव्हे.
माझ्या स्प्रिंगा जरा चिडक्या असायच्या.

काय? फिल्म आहे आत?
मग गेला तुझा एक फोटो :
माझी भिंत, माझं घड्याळ, खाली तांग नाही.
थांब, फिरवू नकोस एवढ्यात.
खाली जा, मासळीवाल्याकडे गर्दी असेल आता,
ती घे याच्यावरच.
ढगावर ठेव हवं तर.