पाच मिली

इथे आधी नाव विचारत नाहीत.
आधी एम्पाको विचारायचा.
मोजकीच ती हाकेची नावं, साऱ्या मुलखात तीच फिरतात,
आणि त्यांतल्या एकानं हाक मारली
की परका माणूस उंबऱ्यावर ताटकळत नाही.

"अराली." फक्त ओठ हलले त्याचे.
आवाज बायकोनं पुरवला.
"मी अब्वोली," म्हणत मी गुडघ्यांवर बसले.
चटईला मुझिरीचा वास, छपरात गुंडाळलेलं जाळं,
गळ्यात डावीकडे रताळ्याएवढी गाठ.

पाच बोटांतली किती दुखतात, मी विचारलं.
त्यानं दोन्ही पंजे उघडले,
मग कबाहुमाचे हात ओढून घेतले
आणि तिचीही बोटं सरळ केली, एकेक करून.

पाण्याची बाटली, लेबल खरवडलेली,
आत हिरवं औषध.
"यानं बरा होईल?"
"नाही."
बराच वेळ ती बाटलीतून उजेडाकडे बघत राहिली.
"झोपेल?"
"झोपेल."
"मग दे."

घरात घड्याळ नव्हतं, म्हणून दिवस असा वाटला:
कोंबडा आरवला की पाच मिली,
रात्रीच्या होड्या काठाला लागल्या की पाच,
शाळा सुटताना ट्रकची जुनी रिम बडवतात तेव्हा,
शेजारी रेडिओवर बातम्या लागतात तेव्हा,
आणि निजताना दुप्पट,
म्हणजे मधल्या काळोखात कुणाला उठायला नको.
(ती उठायचीच.)
शिवाय पपईच्या वाळवलेल्या बिया, पोट साफ व्हायला.
मरणाबद्दल एवढं बोलतात लोक,
बद्धकोष्ठाबद्दल कुणी चकार शब्द काढत नाही.

चौथ्या खेपेला ती घाटाच्या पायथ्याशीच
धावत आली मोटरसायकलपुढे.
माझ्या पोटात धस्स झालं.
"भांडला!" ती म्हणाली. "काल भांडला माझ्याशी!
मीठ कमी पडलं म्हणून. जाळं उन्हात टाकलं म्हणून.
अठ्ठावीस वर्षांपूर्वी माझ्या भावाला दिलेल्या
त्या इंजिनावरून सुद्धा!"
आणि कमरेच्या पट्ट्याचं टोक तोंडात कोंबून
ती हसत राहिली, हसत राहिली.
दुखत होतं तोवर तो साधू झाला होता म्हणे,
काही बोलायचा नाही, काही मागायचा नाही.
साधूचं काय करायचं तिनं?

त्या दिवशी त्यानंच मला विचारलं,
"अंधाऱ्या रात्री किती उरल्यात?"
मी बॅगेत काही शोधलं नाही.
"ही अमावास्या मिळेल. पुढचीचं सांगता येत नाही."
त्यानं मान हलवली,
भाव पटला नाही, पण बाजार एवढाच आहे
हे कळलेल्या कोळ्यासारखी.

अमावास्येला खाट दारात आणली.
सरोवरावर कंदिलांच्या होड्या.
म्विटान्झिगे, टोळांना मारणारं पाणी:
ओलांडता ओलांडता थकून पडले म्हणे त्यात, थवेच्या थवे.
पलीकडचा काठ दिसत नव्हता.
तो दिवे मोजत होता. मध्येच थांबला.
"तो मूर्ख कोण, इतका आत गेलाय?"
"तुझाच इरुम्बा," कबाहुमा म्हणाली.
"हं."
आणि पुन्हा पहिल्यापासून मोजायला लागला.

बाटली परत न्यायला गेले, तेव्हा ती धुवायला निघाली होती.
धुवू नकोस, म्हटलं, उरलेलं मोजून लिहावं लागतं.
वहीत रकाना आहे: शिल्लक.
साठ मिली, मी लिहिलं. सही केली.
तिनं चहा टाकला. इंजिन भावाकडून परत आलंय,
पण चालत नाही, असं काहीतरी सांगत होती.

तेवढ्यात शाळेत रिम बडवली कुणीतरी.
तिचा हात उठून कोनाड्याशी गेला,
तिथं काही नव्हतं,
तर तिनं साखरेचा डबा उचलला
आणि माझ्या कपात आणखी एक चमचा घातला.