उंबरडोह कोलरीच्या मंडळाचा इतिहास, दोन पानांत

स्मरणिकेसाठी दोन पानं द्या म्हणाले.
बरं.

लाल कापडाच्या बांधणीची वही काढली.
पहिलं पान उधईनं कडेकडेनं खाल्लंय,
मधला मजकूर सोडलाय:
"हजर मेंबर सात. वर्गणी चार आणे.
पोचम आडेपू यांची बाकी."

सातही जण रातपाळीचे.
तेव्हा हुतूतूच म्हणायचे इथं.
मैदान म्हणजे लॅम्परूममागची मोकळी जागा.
चुना मिळेना, म्हणून रेषा राखेच्या;
वारा सुटला की दोन्ही संघ कमरेवर हात ठेवून उभे,
रेषा पुन्हा आखेपर्यंत.

पहिली ढाल, सन अडुसष्ट.
कागद कारखान्याची पोट्टी पांढऱ्याफेक बनियनींत आली.
आमचा झिंगरू कुमरे चढाई करून परतला,
म्हणे तिघांना शिवलो.
पंच म्हणे, एकाला.
मग बनियनी पाहिल्या:
तीन पाठींवर तीन काळे पंजे,
तिन्ही बिनअंगठ्याचे.
(झिंगरूचा अंगठा कोळशाच्या डब्यांत सापडून गेलेला.)
गुण मिळाले.
पुढच्या साली नियम निघाला,
कोलरीच्या खेळाडूंनी हात धुऊन उतरावे.
साबण मंडळाच्या खर्चानं. पावती आहे.

एकूण सामने तीनशे अकरा.
जिंकले किती, ते छापू नका,
असं अध्यक्षांचं म्हणणं पडलं.

दम मात्र आमचा.
वायू साचलेल्या गॅलरीतून
ओला दुपट्टा तोंडाला लावून पळालेल्या माणसाला
एक चढाई ती काय!
डोमा आत्राम एका दमात चौघांना खेळवत ठेवायचा,
लाइनीवरच्या बाया भाकर तव्यावर टाकून पाहायला यायच्या
आणि भाकरी करपायच्या.
त्याच्या बायकोला परवा विचारलं. लहानूबाई म्हणाली,
"घरी आल्यावर बोलेच नाई गा तो.
साराच दम तिथंच खर्चून येये."
पुढं पुढं दवाखान्याच्या चार पायऱ्यांना
तीनदा थांबायचा डोमा.
कंपनीच्या डॉक्टरनं कारणाच्या रकान्यात विडी लिहिलं.
डोमानं जन्मात विडी ओढली नव्हती.
हे स्मरणिकेत बसत नसेल तर काढा.
नका काढू.

एकोणऐंशीची काही पानं कोरी आहेत.
फाडलेली नाहीत. तारखा टाकल्यात, सुंदर अक्षरात,
पुढं काही नाही.
तीन नंबरात पाणी शिरलं ते साल.
मग एकदम दिवाळीनंतरची नोंद:
"आमचा संघ अपुरा, हजर पाच.
विरुद्ध संघाने आपले दोन गडी बाहेर बसविले.
सामना बरोबरीत."
कोणता संघ, ते लिहिलेलं नाही.
मी खूप शोधलं.

मग भुयार बंद झालं, वरून खोदायला लागले.
लॅम्परूम गेली, तिच्या दारचा निंब गेला.
मैदान कुणी विकलं नाही, दाबलं नाही,
बादलीनं उचलून नेलं, थराथरानं.
आता तिथं साठ मीटर खोल हवा आहे
आणि तळाशी डंपरचे दिवे.
मी नातवाला कठड्यावरून दाखवतो:
त्या खांबापासून त्या बाभळीपर्यंत मधली रेषा.
तो वाकून खाली पाहतो.
खाली नाही रे, इथं, समोर,
तुझ्या डोळ्यांच्या उंचीवर.

पुनर्वसनात शेड मिळालं, निळी मॅट मिळाली.
पोरांचा संघ यंदा नाही,
ठेकेदाराकडं बारा बारा तास असतात.
पोरींचा आहे. जिल्ह्याला गेल्या,
दुसऱ्या फेरीत हरल्या, येताना बसमध्ये भांडल्या,
म्हणजे संघ चांगला आहे.

वर्गणी आता पन्नास.
सुहानी आडेपूची पावती फाडताना सांगितलं,
तुझ्या आज्याचे चार आणे राहिलेत.
तिनं रुपया काढून टेबलावर ठेवला.
बारा आणे परत कुठून देऊ?
म्हटलं, ने बाई.

बाकी तशीच ठेवलीय.