कालचा दिवस कुठे असतो

शनिवारी दवाखाना बंद. किल्ली माझ्याकडे.
एल आल्टोत जूनमधली संध्याकाळ, सात वाजलेत,
स्टोव्हवरची किटली सोडली तर सगळं गारठलेलं.
त्रोम्सोत रात्रीचा एक, आणि इंगेब्यॉर्गच्या खिडकीत ऊन.
ट्युनिसहून राउफ कुजबुजत बोलतो,
पलीकडच्या खोलीत त्याची जुळी झोपलीत.
या कामाला पगार नाही.
आई विचारते, मग देतात तरी काय?
प्रश्न देतात, मी सांगते. आम्ही ते दुरुस्त करून परत पाठवतो.

आजचा कागद डोन्या बासिलियाचा.
वय अडुसष्ट, "बहुतेक" (हा शब्दही तिनेच लिहायला लावला).
मार्चमध्ये झटका, मेंदूच्या उजव्या बाजूला.

चित्र नऊ, उंट.
ती म्हणाली, लामा. मग हळहळून,
पाठीला केवढं गळू झालंय बिचाऱ्याच्या!
शून्य.
चित्र चौदा, दीपगृह.
समुद्र कधी न पाहिलेली बाई बराच वेळ बघत राहिली.
चर्च दिसतंय, म्हणाली, पण इतक्या अरुंदात
देवाला बसवणार कुठे?
शून्य.
शंभरातून सात वजा करत जा म्हटलं
तर त्र्याण्णवला थांबली, माझ्याकडेच बघू लागली.
तीच बाई नंतर बाकावर बसून
पट्ट्यावरच्या नक्षीचे धागे
उलटे मोजत आली, एकदाही न अडखळता.
याला रकानाच नव्हता.

ती बरी आहे असं मी म्हणत नाही.
ताटातले डावीकडचे बटाटे तसेच राहतात.
विणलेल्या पट्ट्याची डावी कड उसवलेली.
नातू डावीकडून हाक मारतो
आणि ती त्याला उजवीकडे शोधते.
हे सापडायला हवं.
हे उंटामागे दडून राहिलेलं चालणार नाही.

मग प्रश्न बावीस.
कालचं सांगताना तिने हात समोर नेला, खिडकीपर्यंत.
उद्यासाठी अंगठा खांद्यावरून मागे.
शेऱ्यात लिहिलंय : काळाचं भान नाही.
अक्षर माझं.
मी, जी घरात आयमारा ऐकत वाढले
आणि स्पॅनिशमध्ये शहाणी झाले.

तेवढंच वाचून दाखवताना आवाज चिरकला.
मग सांगितलं :
नायरा म्हणजे डोळा. नायरा म्हणजे पूर्वीही.
जे घडलं ते दिसतं, म्हणून ते पुढ्यात.
जे व्हायचंय ते कुणी पाहिलंय?
ते पाठीशी.

इंगेब्यॉर्गने वळून मागे पाहिलं.
खुर्चीची पाठ होती, तिच्यावर स्वेटर.
राउफने तो शब्द तीनदा म्हणून पाहिला,
जुळी जागी होणार नाहीत इतक्या हळू.
मग दीड तास भांडलो,
उंटाच्या जागी काय, यावर.
दीपगृह मात्र एकमताने विझवलं.

नऊला कुलूप लावलं.
चढावर माझ्यापुढे एक बाई,
पाठीवरच्या झोळीतल्या मुलाच्या टोपीखालून
एक डोळा माझ्याकडे लागलेला.
प्रश्न बावीस अजून नव्याने लिहायचाय.
सोमवारी डोन्या बासिलिया येईल,
दाराच्या उजव्या कडेला घासत.

पाठीशी दोन माणसं आहेत माझ्या.
दोन वर्षं झाली, छातीपर्यंतच पाहिलंय त्यांना.
पायांत काय घालतात, कोण जाणे.